हाकेला ओ

१

घर दाखवायचं असलं की दैवशाला आधी एकटी जायची. कुलूप काढायचं, खिडक्या उघडायच्या, नळ सोडून साचलेलं लालसर पाणी वाहू द्यायचं, दिवे लावून बघायचे. गिऱ्हाईक आलं की आधी स्वयंपाकघर दाखवायचं, कारण घर पसंत करते ती बाई, आणि बाईची नजर आधी ओट्यावर जाते. हे सगळं तिला नवऱ्यानं शिकवलं होतं.

बन्सीधर पालममध्ये घरा-प्लॉटांच्या व्यवहारात मध्यस्थी करायचा. विकणारा त्यालाच बोलवायचा, घेणाराही त्यालाच. एकदा गंगाखेडहून येताना एस.टी.च्या खिडकीला डोकं टेकून बसला आणि तसाच गेला. स्टँडवर सगळे उतरले तरी हा उठेना, तेव्हा कंडक्टरला वाटलं, झोप लागली असेल. त्यानं हाका मारल्या म्हणे.

बन्सीधरचा फोन दैवशालानं बंद केला नाही. लोक विचारत, "बन्सीभाऊ हायत का?" ती म्हणायची, "न्हाईत. मी त्यांची मंडळी बोलायले. काय काम हाय?" असं करत करत धंदा तिच्याकडं आला.

कल्याणअप्पांचं घर तिनं विकायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, हे लगेच जाईल. स्लॅबचं साधं घर. पुढं बैठकीची खोली, बाजूला स्वयंपाकघर, मागं आणखी एक खोली. मागच्या खोलीला दार नव्हतं, नुसती चौकट आणि तिच्यावर फुलाफुलांचा जाड पडदा. पलीकडं सरकीचं गोदाम होतं, तेही कधीपासून बंद पडलेलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं रंगनाथ गुरुजी. त्या दिवशी अप्पा आणि त्यांची बायको किल्ली देऊन बाहेरगावी गेले होते. शाळेत शिकवायचे, पेन्शन जवळ आली होती. बायको मागून येत होती. दैवशाला त्यांना ओटा दाखवत होती तेवढ्यात त्यांनी मान वळवून हाक मारली, "अगं, आलीस का?"

मागच्या खोलीतून बाईचा आवाज आला, "ओ."

"ये इकडं, जागा बघ. फ्रीज इथं बसंल का?" गुरुजी बोलत राहिले. मिक्सर कुठं ठेवायचा, देव कुठं मांडायचे. मागून हुंकार येत होते. दैवशालालाही वाटलं, बाई केव्हा आत गेल्या ते कळलंच नाही.

मग रस्त्यावरचं दार वाजलं. गुरुजींची बायको उन्हानं लाल झालेलं तोंड पदरानं पुसत आत आली. "घर सापडंना. दुसऱ्याच गल्लीत गेले व्हते," ती म्हणाली.

गुरुजी तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी जाऊन पडदा बाजूला केला. खोली रिकामी होती. भिंतीत वर एक झरोका, त्यातून उजेडाचा पट्टा फरशीवर पडलेला.

"गोदामात कोणी असंल," दैवशाला म्हणाली.

"असंल," गुरुजी म्हणाले. त्यांनी नंतर फोन केला नाही.

२

पुढच्या आठवड्यात कल्याणअप्पा आणि त्यांची बायको चन्नबसम्मा कायमचेच लातूरला मुलाकडं निघाले होते. दैवशाला किल्ली घ्यायला गेली तेव्हा अप्पा बैठकीत वळकट्या बांधत होते. चन्नबसम्मानं तिला आत बोलावून चहा दिला. स्टो तेवढा बांधायचा राहिला होता.

"काकू, एवढं चांगलं घर कामून विकायलात?"

चन्नबसम्मानं बैठकीकडं एकदा पाहिलं. मग आवाज बारीक केला. "माझी थोरली बहीण नागम्मा मागच्या खोलीत राह्यची. मागच्या साली गेली. मला सवय लागलेली. एक दिवस चहा ठेवला आन् म्हणलं, नागक्का, चहा घेती का? तर आतून 'ओ' म्हणली. तिच्याच आवाजात."

"कानाला वाटतं काकू असं. मला बी वाटायचं."

"वाटतं की. मला लय बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. रोज हाक मारायले. मग म्हणलं, बघावं. आमच्या वडलांना हाक मारली. ते कधी आलेच न्हाईत या घरी. ते बी 'ओ' म्हणले." तिनं बशी खाली ठेवली. "मग मोत्याला हाक मारली. मोत्या आमचं कुत्रं. गाडीखाली गेलं. त्याला हाक मारली तवा बी 'ओ' आलं. माणसाचं."

स्टोचा भरभर आवाज तेवढा येत होता.

"कुत्रं 'ओ' म्हणतं का, दैवशालाबाई?"

दैवशालानं कप खाली ठेवला.

"त्या दिवसापासून मी कोणाला हाक मारली न्हाई. आमी घरात खुणेनं बोलायलोत. पर आता तेच हाक मारायलंय. मी पीठ मळत असते आन् नागक्का म्हणते, बसम्मा..."

कल्याणअप्पा दारात येऊन उभे होते. गळ्यातल्या लिंगाच्या करंडकावर त्यांचा हात होता. "दैवशालाबाई," ते म्हणाले, "तुमी आमच्याकडल्या का गिऱ्हाइकाकडल्या?"

"दोघांकडली, अप्पा."

"दोघांकडल्या कशा असताल? आमी घर तुमच्या हाती दिलं. ही काय बी बोलते. म्हातारपण आलं तिला."

"मी आपणहून कोणाला सांगत फिरणार न्हाई," दैवशाला म्हणाली. "पर कोणी विचारलं तर खोटं बोलणार न्हाई. आन् कोणाचं वाटोळं व्हायची पाळी आली तर न विचारता सांगेन. हे चालत असलं तर किल्ली द्या."

अप्पांनी करंडकावरचा हात काढला. मग किल्ली दिली. ते खरंच थकलेले होते. स्टँडवर गाडीत बसवून देईपर्यंत नवरा-बायको एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. अप्पांनी बोट केलं की चन्नबसम्मा पिशवी पुढं करायची.

३

योगीराज आणि बबिता चुडाव्याहून आले. योगीराजला विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं काम येत होतं, पालममध्ये दुकान टाकायचं होतं. तसं तो म्हणाला. बबिता त्याच्या मागं उभी होती. तिशीची असेल, पण चालताना भिंतीचा आधार घेत होती. मनगटावरच्या बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत चढत होत्या.

ती ओट्याकडं गेली नाही. तिनं एकच विचारलं, "मावशी, इथं रेल्वे न्हाई ना?"

"न्हाई बाई. पालमला रेल्वे न्हाई. एस.टी.च."

बबितानं मान हलवली आणि उंबऱ्यावर बसून राहिली.

योगीराज दैवशालाला बोअर बघायच्या निमित्तानं अंगणात घेऊन गेला. "आमचं घर टेशनाला लागून हाय," तो म्हणाला. "पोरगी व्हती आमाला. ईश्वरी. गाडी आली की पळत जाऊन हात करायची. एक गाडी सोडायची न्हाई. तापानं गेली पावसाळ्यात. नांदेडला नेलं व्हतं." तो बोअरच्या झाकणाकडं बघत होता. "आता गाडी वाजली की ही कानात बोटं घालून आतल्या खोलीत जाते. जेवण सुटलंय. चार घास खाल्ले तर खाल्ले. म्हणून म्हणलं, जिथं गाडीच न्हाई अशा गावाला नेतो."

ते परत आले तर बबिता उंबऱ्यावर नव्हती.

पडदा हलत होता. आत ती फरशीवर गुडघे टेकून बसली होती, कोपऱ्याकडं तोंड करून. दोघांना बघून उठली. तिच्या तोंडावर काय होतं ते दैवशालाला सांगता आलं नसतं, पण लहान मूल झोपलं असताना आई जशी दबकत उठते तशी ती उठली.

"हेच घर घ्यायचं," बबिता म्हणाली.

"किंमत तर विचारू दे..."

"हेच घ्यायचं."

४

ते गेल्यावर दैवशाला खिडक्या लावायला मागं राहिली. चांगली दुपार होती. गल्लीत भंगार गोळा करणारा ओरडत जात होता. तिनं स्वयंपाकघराची खिडकी लावली, बैठकीची लावली. मागच्या खोलीत लावायला काही नव्हतंच. तरी ती पडद्यापाशी थांबली.

तिनं स्वतःलाच समजावलं. गुरुजींच्या वेळी गोदामात कोणी असेल. चन्नबसम्मा एकटी पडलीय. बबिताचं तर काळीजच फाटलंय. दुःखात माणसाचे कान आपल्याला हवं ते ऐकतात. बन्सीधर गेल्यावर तिलाही कितीतरी दिवस दाराबाहेर त्याची चप्पल वाजायची. उठून बघितलं की काही नसायचं.

तेव्हा इथंही काही नसणार. एकदा बघितलं की झालं.

नवऱ्याला तिनं आयुष्यात कधी नावानं हाक मारली नव्हती. आताही नाव तोंडात येईना.

"अवो," ती हळूच म्हणाली.

आत कोणीतरी घसा खाकरला. बन्सीधर बोलायच्या आधी नेहमी खाकरायचा, तसाच.

"ओ."

दैवशाला चौकटीला धरून खाली बसली. डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं तिला कळलं नाही. भीती वाटायला हवी होती. आधी वाटली ती नुसती माया. ज्याला एस.टी.त कोणी हलवून उठवू शकलं नव्हतं, तो उठला होता आणि ओ देत होता.

"जेवलाव का?" तिनं विचारलं.

"ओ."

"लय तरास झाला का वो त्या दिवशी? गाडीत?"

"ओ."

"माझी याद येती का?"

"ओ."

मग तिच्या ध्यानात आलं. तो कशाचंच उत्तर देत नव्हता. आणि आवाज आधी कोपऱ्यातून आला होता, आता पडद्याच्या अगदी आतल्या बाजूनं येत होता. तिच्या तोंडासमोर. ती खाली बसली होती, तर तोही खाली, तिच्या तोंडाच्या उंचीवर.

ती उठली, मागं न बघता बाहेर आली आणि कुलूप लावलं. घरापर्यंत ती सरळ चालत गेली. घरी गेल्यावर मात्र संध्याकाळपर्यंत तिला एकच वाटत राहिलं, परत जावं.

५

तिसऱ्या दिवशी ती चुडाव्याला गेली. बयाना झाला नव्हता, अजून सगळं मोडता येत होतं. अप्पांना दिलेला शब्द तिनं वाटेत आठवून पाहिला. कोणाचं वाटोळं व्हायची पाळी आली तर सांगेन, असं ती म्हणाली होती.

योगीराजच्या अंगणातून रूळ दिसत होते. बबितानं चहा केला. आज ती भिंतीचा आधार घेत नव्हती.

दैवशालानं सगळं सांगितलं. नागम्माचं सांगितलं, वडलांचं सांगितलं, कुत्र्याचं सांगितलं. आपण काय ऐकलं तेही सांगितलं. "ते तुझी लेक न्हाई, बाई," ती म्हणाली. "ते कोणी बी न्हाई. जे नाव घ्यावं ते होतंय. मी या धंद्यात घेणाऱ्याची बी हाय. तू माझी लेक असतीस तर तुला मी त्या घराच्या पायरीवर बी उभं राहू दिलं नसतं."

बबिता शांतपणे ऐकत होती. "मला ठाऊक हाय, मावशी."

"काय ठाऊक हाय?"

"मी त्याच दिवशी दुसरं नाव घेऊन पाहिलं. मनानंच काढलेलं, असं कोणाचं नावच नसतंय. तरी 'ओ' आलं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पर ईश्वरी म्हणलं की ईश्वरीचाच आवाज येतो. तिच्यावानीच लांबवून. मला तेवढाच बास हाय. ती न्हाई हे मला कोणी सांगायची गरज न्हाई. मीच तिला मांडीवर घेऊन बसले व्हते."

दैवशाला योगीराजकडं वळली. "भाऊ, तुमी तरी सांगा."

"मला काय बी ऐकू आलं न्हाई तिथं," योगीराज म्हणाला. "मी लक्ष देऊन ऐकलं. काय बी न्हाई." त्यानं बायकोकडं पाहिलं. "पर परवा घरी आल्यावर ही दोन भाकरी जेवली. आपणहून मागून घेऊन जेवली, मावशी. आता तुमीच सांगा मी काय करू."

लांबून गाडीचा भोंगा वाजला. बबिता उठली, कानांवर हात घट्ट दाबून आत गेली. गाडी घराला हादरवत निघून गेली. योगीराज गाडीच्या मागच्या दिव्याकडं बघत बसला.

दैवशाला उठली आणि परत निघाली.

६

खरेदीच्या दिवशी अप्पा आणि चन्नबसम्मा लातूरहून आले. दोघांची तब्येत सुधारली होती, अप्पा बायकोला मोठ्यानं हाक मारत होते, "बसम्मा, सही कर इथं." रजिस्ट्री कार्यालयाच्या बाहेर लिंबाखाली चन्नबसम्मानं बबिताचे दोन्ही हात हातात घेतले.

"हाक मारू नको गं लेकरा," ती म्हणाली.

"न्हाई मारणार," बबिता म्हणाली. चन्नबसम्मा तिच्या डोळ्यांत बघत राहिली. मग तिनं हात सोडले आणि तोंड फिरवलं.

किल्ली दैवशालानं बबिताच्या हातात दिली. आपल्याकडं आता ती राहिली नाही याचं तिला बरं वाटलं. वाईटही तितकंच वाटलं, ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

७

होळी झाल्यावर योगीराजचा फोन आला. "मावशी, घर विकायचं हाय. गिऱ्हाईक बघा. आन् एकदा येऊन हिच्याशी बोला. ती माझं ऐकंना."

"जेवत न्हाई का?"

"जेवती. लय चांगलं जेवती. पर बाहेर येत न्हाई. सासर-माहेर, दुकान, कायबी नगं. दिवसभर त्या खोलीच्या तोंडाशी बसून बोलती. मी घरात हाय का न्हाई हे बी तिला ठाऊक नसतं. माझी पोरगी गेली, आता बायको बी चालली, मावशी."

ती संध्याकाळच्या आधी गेली. योगीराज दुकानात होता. बबितानं दार उघडलं. अंग भरलं होतं तिचं, केस नीट विंचरलेले, कपाळाला टिकली. ती हसली. "या मावशी. बसा. हळू बोला हां, आत्ताच झोपली."

दैवशाला सतरंजीवर बसली. फुलाफुलांचा पडदा तोच होता. त्याच्यापुढं स्टीलची ताटली, तिच्यात वरण-भात कालवून ठेवलेला. खाल्लेला नव्हता.

"उठली बघा," बबिता म्हणाली. दैवशालाला काही ऐकू आलं नव्हतं. "ईश्वरी, कोण आलंय बघ."

"ओ..." आतून आलं. लहान पोरीचा आवाज, शेवटाला लांबवलेला, झोपेतला. इतका खरा की दैवशालाच्या अंगावर काटा आला. पडद्याला आतून काहीतरी टेकलं. खालच्या बाजूला, पोरीचं डोकं येईल तिथं, कापडाला गोल फुगवटा आला.

"बबिता," दैवशाला म्हणाली, "चल बाई, माझ्या घरी चल. चार दिवस..."

फुगवटा थांबला. ऐकल्यासारखा.

मग तो वर सरकायला लागला. कापडाच्या चुण्या मोडत, हळूहळू, बबिताच्या खांद्याच्या उंचीला आला, तिच्या डोक्याच्या वर गेला, आणि उंच माणसाचं कपाळ येईल तिथं थांबला.

कोणीतरी घसा खाकरला.

"दैवा," बन्सीधर म्हणाला.

बबितानं पडद्याकडं पाहिलं, मग दैवशालाकडं. तिच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं होतं, फक्त त्याच्यात आता काही नव्हतं. "कोण हाय हे?" तिनं विचारलं. मग पडद्याशी वाकून, "ईश्वरी?"

"ओ," बन्सीधरचा आवाज आला. भारदस्त, मायाळू.

"ईश्वरी! ए बाळा!"

"ओ."

"तू न्हाई! माझी पोरगी बोलाव!" ती पडद्याला हात लावायला गेली आणि हात मागं घेतला. इतक्या महिन्यांत तिनं तो पडदा कधी उचलला नव्हता, हे दैवशालाला तेव्हा कळलं. "ईश्वरी! ईश्वरी गं!"

"ओ," बन्सीधर प्रत्येक हाकेला म्हणत होता. "ओ. ओ."

बबिता दैवशालाकडं वळली. ती ओरडली नाही. तिनं हात जोडले. "तुमी जावा, मावशी. पाया पडते. तुमी हायत तोवर ती यायची न्हाई."

दैवशाला उठली. उठायला तिला वेळ लागला. तो आवाज तिला ऐकायचा होता. नुसता आणखी थोडा, दारात उभं राहून. तो नाही हे तिला ठाऊक होतं, आणि त्यानं काही फरक पडत नव्हता. आता तिला बबिता कळली. चुडाव्याच्या अंगणात ती जे बोलली होती ते सगळं कळलं.

पण समोर ती पोरगी हात जोडून उभी होती. दैवशालानं चप्पल घातली. "दैवा," मागून हाक आली, आणि तिनं ओ दिली नाही. दार ओढून घेतलं आणि चालायला लागली. गल्लीच्या तोंडापर्यंत ती हाक ऐकू येत होती. मग तहसीलसमोरच्या टमटम, उसाच्या रसाचं घुंगरू, लोकांचे आवाज, यात ती बुडाली. दैवशाला तिथं बराच वेळ उभी राहिली. बाजूनं जाणाऱ्यांनी पाहिलं तर त्यांना वाटलं असतं, बाई कोणाची तरी वाट बघायलीय.

अंधार पडायच्या सुमारास योगीराजचा फोन आला.

"बबिता कशी हाय?" तिनं घाईनं विचारलं. "भाऊ, उद्याच गिऱ्हाईक आणते. मी स्वतः..."

"राहू द्या, मावशी." तो रडत होता. पण त्या रडण्यात दुःख नव्हतं. "घर विकायचं राहू द्या. ती परत आली. मी दुकानातून आलो, चप्पल काढायलो, तर आतून 'पप्पा' म्हणली."

दैवशालानं फोन कानाशी घट्ट धरला.

"आता मला बी ऐकू यायलंय," योगीराज म्हणाला, आणि फोन तसाच चालू ठेवून तो लेकीला उत्तर द्यायला गेला.